पहिल्या वर्षाचा संभाव्यता-संख्याशास्त्राचा पेपर: कुठून सुरू करावं, काय कमी करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गणितात एमएस्सी झालंय, तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर नेमणूक मिळाली आहे आणि पहिल्या वर्षाचा संभाव्यता व संख्याशास्त्राचा २ क्रेडिटचा पेपर हाती आला आहे. वर्गात साठेक मुलं, त्यातल्या निम्म्यांनी दहावीनंतर गणित सोडलेलं. कॉम्प्युटर लॅब आठवड्यातून एकदाच मिळते. शेवटची दोन युनिटं कधीच पूर्ण होत नाहीत, असं सहकारी सांगतात. मग सुरुवात कुठून करायची आणि काय गाळायचं?

मी हा पेपर बरीच वर्षं शिकवते आहे. माझ्या मते इथे वेळ कमी पडतो त्याहून जास्त क्रम आड येतो. बहुतेक पुस्तकांत आधी वर्गीकरण आणि आलेख, मग मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप), मग पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, संभाव्यता, वितरणं, आणि सगळ्यात शेवटी नमुना, अंदाज आणि गृहीतकांची चाचणी येते. ज्यासाठी हा विषय पहिल्या वर्षाला ठेवला आहे तो भाग असा दिवाळीच्या तोंडावर येतो आणि दोन-तीन तासांत उरकला जातो. मुलांना प्रमाण विचलन काढता येतं, पण साठ जणांना विचारून आलेलं उत्तर सगळ्या तालुक्याला कितपत लागू पडेल, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.

म्हणून मी सगळं नियोजन एकाच गोष्टीभोवती करते. नमुना बदलला की उत्तर बदलतं, आणि ते साधारण किती बदलेल याचा अंदाज आपल्याला आधीच बांधता येतो. पेपरातली प्रत्येक गोष्ट या वाक्याच्या कितपत कामाची आहे, ते बघून मी तिला तास देते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. कॉलेज स्वायत्त असेल आणि पेपर तुम्हीच काढणार असाल तर बरीच मोकळीक आहे. संलग्न कॉलेज असेल आणि पेपर विद्यापीठाकडून येणार असेल तर कुठलंही युनिट पूर्ण गाळता येणार नाही, फक्त कुणाला किती तास द्यायचे ते तुमच्या हातात राहतं. मुलं कोणती आहेत हेही बघा. संख्याशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेतलेल्यांना सिद्धता लागतात, कारण पुढची वर्षं त्यावरच उभी राहणार असतात. ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) म्हणून आलेल्या कला-वाणिज्यच्या मुलांना सिद्धतेपेक्षा आकडे वाचता येणं जास्त गरजेचं आहे. तुमच्या वर्णनावरून वर्ग दुसऱ्या प्रकारचा वाटतो, म्हणून पुढचं तसं धरून लिहिते.

आधी तासांचा हिशेब. २ क्रेडिट म्हणजे कागदावर ३० तासिका. पावसाळी सत्र असेल तर उशिराचे प्रवेश, गणपती, नवरात्र, अंतर्गत परीक्षा, युवा महोत्सव हे सगळं त्यातच येतं. २६ तासिका धरून आखणी करा आणि उरलेल्या चार मोकळ्या ठेवा. त्या उजळणीला लागतातच. पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग आलेला नसतो, म्हणून त्या दोन तासांत असं काही करा जे चुकलेल्याला शेजाऱ्याच्या वहीवरून समजून घेता येईल.

पहिल्या तासाला मी सूत्र काढत नाही आणि संख्याशास्त्राची व्याख्याही सांगत नाही. एक छोटी चाचणी घेते, गुण नसलेली. त्यात एक प्रश्न हमखास असतो. वर्गात ४० मुली आणि २० मुलगे आहेत. मुलींपैकी १० जणी आणि मुलग्यांपैकी १० जण वसतिगृहात राहतात. मुलींपैकी किती टक्के वसतिगृहात आहेत? आणि वसतिगृहात राहणाऱ्यांपैकी किती टक्के मुली आहेत? पहिलं उत्तर २५ टक्के, दुसरं ५० टक्के. बरीच मुलं दोन्हीकडे एकच आकडा लिहितात, आणि त्यात बारावीला गणित घेतलेलीही असतात. ही गफलत टक्केवारी काढण्यात होत नाही, भागायचं कशाने ते ठरवण्यात होते. त्या दिवसापासून वर्गात कुणीही टक्के म्हटलं की मी विचारते, “कशापैकी?” महिन्याभरात मुलं एकमेकांना विचारायला लागतात. सशर्त संभाव्यता (एक गोष्ट घडलीच आहे असं धरून दुसरीची शक्यता) शिकवण्याचं निम्मं काम या एका सवयीनं होतं, आणि पुढे गृहीतकांच्या चाचणीतल्या पी-व्हॅल्यूच्या वेळीही हीच सवय उपयोगी पडते.

दहावीनंतर गणित सोडलेल्यांसाठी वेगळा उजळणी वर्ग लावू नका, मुलं येत नाहीत. लागणारं गणित तसं थोडंच आहे: टक्के, वर्गमूळ, सरळ रेषेचं समीकरण आणि सिग्माचं चिन्ह (Σ, म्हणजे बेरीज करा). यातलं सिग्मा तेवढं खरं अडतं. त्याला एक अख्खा तास द्या. वर्गातल्याच पाच जणांचे बसने येण्याचे मिनिटं फळ्यावर लिहा आणि Σx, Σx², (Σx)² हे तिन्ही हाताने काढायला लावा. शेवटची दोन वेगळी आहेत हे एकदा स्वतःच्या पेनाने दिसलं की पुढची कितीतरी गणितं चुकायची थांबतात.

वर्णनात्मक भागाला सहाहून जास्त तास देऊ नका. इथे हात आखडता घ्यायला वाव आहे, कारण मध्य आणि मध्यक मुलांनी शाळेत केलेले असतात. वर्गांतरांच्या सारणीवरून बहुलक काढायचं सूत्र परीक्षेत येतं म्हणून एकदा दाखवा आणि पुढे जा. वेळ द्यायचा तो सरासरी कधी फसवते याला. सातारा जिल्ह्याचं उदाहरण मला फार उपयोगी पडतं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढली तर येणारा आकडा या दोन्हींपैकी कुठल्याच गावाचा नसतो. मग मुलांना विचारते की दुष्काळाचा निर्णय घेणाऱ्याला कुठला आकडा द्याल? प्रमाण विचलन कशासाठी लागतं ते इथे आपोआप कळतं. सहसंबंधाच्या (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याच्या) वेळी संख्याशास्त्रज्ञ अॅन्स्कोमने १९७३ मध्ये दिलेले चार संच जरूर दाखवा. चारही संचांत सरासरी आणि सहसंबंध गुणांक जवळजवळ सारखाच, ०.८१६, पण आलेख काढले की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध दिसत नाही. गुणांक काढण्याआधी आलेख काढायचा, हे त्यानंतर पुन्हा सांगावं लागत नाही.

सहसंबंध आणि समाश्रयण (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा काढणं) मी शेवटी न ठेवता इथेच, वर्णनात्मक भागाला जोडून घेते. मुलांना ते आवडतं, लॅबमध्ये छान होतं, आणि सत्राच्या शेवटी त्याची घाई राहत नाही.

नमुना कसा निवडायचा याला बहुतेक पुस्तकांत अर्धं पान असतं. मी तीन तास देते. ग्रामीण भागातल्या वर्गात पीक कापणी प्रयोगाइतकं चांगलं उदाहरण नाही. पीक विम्याची भरपाई महसूल मंडळात निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून, तिथलं पीक कापून, मळून, वजन करून निघालेल्या सरासरी उत्पादनावर ठरते. ते उंबरठा उत्पादनापेक्षा, म्हणजे विम्यासाठी आधीच ठरवलेल्या उत्पादनापेक्षा, किती कमी आहे ते बघतात. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी यावरून वाद झालेले असतात. आमच्या शेतात काहीच पिकलं नाही तरी मंडळाची सरासरी चांगली कशी, हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात. मग शेत चिठ्ठीने का निवडायचं, रस्त्याकडेचं सोयीचं शेत घेतलं तर काय होतं, मोजक्या शेतांवरून अख्ख्या मंडळाबद्दल बोलताना किती चूक पोटात धरावी लागते, हे सगळं एका उदाहरणात येतं.

आणि यातच पां. वा. सुखात्मे यांची गोष्ट सांगा. खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेला हा माणूस नमुना पाहणीतला जगभर मान असलेला संख्याशास्त्रज्ञ झाला. १९४६ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पादन फुगून येतं. तुकडा जितका छोटा तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड जास्त, आणि कडेच्या दोरीवर येणारी पिकाची ताटं कापणारा माणूस आत घेण्याकडे झुकतो. इथे शेतांची संख्या वाढवून ही चूक कमी होत नाही. नमुना मोठा केला की कमी होणारी चूक आणि कितीही मोठा केला तरी तशीच राहणारी चूक, हा फरक मुलांना मी याच्याहून सोप्या रीतीने कधी समजावू शकलेले नाही.

आता संभाव्यता. तुम्ही गणिताचे आहात म्हणून आधीच सांगते: पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनमध्ये अडकू नका. पेपरात असेल तर दोन तास, नसेल तर द्विपद वितरणासाठी (ठरावीक फेकींत किती वेळा छापा येईल, अशा शक्यतांसाठी) nCr चा, म्हणजे n मधून r निवडण्याच्या प्रकारांचा, अर्थ सांगण्यापुरतंच. पेटीतल्या लाल-निळ्या चेंडूंची पंचवीस गणितं सोडवलेल्या मुलालाही यादृच्छिकता कशी दिसते हे माहीत नसतं. त्यासाठी गृहपाठ द्या. अर्ध्या वर्गाने घरी नाणं शंभर वेळा खरंच उडवून छापा-काटा लिहायचं, अर्ध्याने नाणं न उडवता मनाने लिहायचं, आणि कागदावर नाव घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही कागद बघून खरे-खोटे वेगळे करा. शंभर फेकींत कुठेतरी सलग सहा किंवा जास्त वेळा एकच बाजू येण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते, आणि मनाने लिहिणारी मुलं सलग चारच्या पुढे जायला धजावत नाहीत. सगळे ओळखू येणार नाहीत, पण बरेच येतात, आणि तुम्ही ते कसे ओळखलेत हे ऐकायला वर्ग कान टवकारून बसतो.

वाढदिवसाचं गणितही घ्या. २३ जणांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. साठ जणांत ९९ टक्क्यांच्या वर. वर्गात करून बघा, जोडी जवळजवळ नक्की निघते. मग मुलांना घरच्या आजी-आजोबांच्या आधार कार्डावरच्या जन्मतारखा आणायला सांगा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली एक पिढीच्या पिढी आहे. त्या यादीत १ जून पुन्हा पुन्हा येतो. सूत्र बरोबर, बेरीज-गुणाकार बरोबर, तरी उत्तर लागू नाही, कारण सगळ्या तारखा सारख्याच संभवनीय हे गृहीतकच तिथे टिकत नाही. गृहीतक म्हणजे काय ते मुलांना यातून कळतं, पुस्तकातली ‘समजा’ने सुरू होणारी ओळ वाचून कळत नाही.

बेजचा नियम (नवी माहिती आल्यावर शक्यता नव्याने काढायचा) सूत्राने सुरू करू नका, माणसं मोजून करा. एक हजार लोक घ्या, त्यांतल्या १० जणांना आजार आहे. चाचणी आजारी १० पैकी ९ जणांना पकडते, आणि निरोगी ९९० पैकी ९ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८९ जणांना, उगाचच आजारी ठरवते. चाचणी पॉझिटिव्ह आलेले एकूण ९८, त्यांतले खरे आजारी ९. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह असूनही आजार असण्याची शक्यता जेमतेम ९ टक्के. कशापैकी, हा पहिल्या दिवसाचा प्रश्न इथे कामाला येतो. सूत्र त्यानंतर लिहा, मग ते पाठ करावं लागत नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं केलं तो भाग. यासाठी मी चिंचोके वापरते. चल्लस-आठ खेळायला चिंचोके फोडून अर्धे करतात तसे करून घ्या, एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी. पांढरी बाजू वर येण्याची शक्यता किती? नाण्यासारखं उत्तर इथे आधी कुणालाच माहीत नसतं, तुम्हालाही नाही. पिशवीत भरपूर अर्धे चिंचोके ठेवा. प्रत्येकाने एक काढायचा, टाकायचा, नोंद करायची, परत ठेवायचा, असं २० वेळा. एकच चिंचोका वीसदा टाकू देऊ नका. प्रत्येक चिंचोक्याचा आकार निराळा, त्यामुळे प्रत्येकाची शक्यता निराळी पडते आणि उत्तरांचा पसारा सूत्राने येतो त्याहून जास्त दिसतो. द्विपद वितरणात शक्यता दर वेळी तीच असायला हवी ही अट किती महत्त्वाची आहे, ते यावरून सांगता येतं.

साठ जणांची साठ प्रमाणं फळ्यावर आडव्या रेषेवर टिंबांनी मांडा. समजा सगळ्यांचं मिळून उत्तर ०.४० आलं, तर टिंबं साधारण ०.२० पासून ०.६० पर्यंत पसरलेली दिसतील. मग चौघांचा एक गट करून ८०-८० फेकींची प्रमाणं मांडा. पसारा निम्म्यावर येतो, पाव होत नाही. नमुना चौपट केला तर अचूकता दुप्पट होते, हे वर्गमूळ मुलांना आधी डोळ्यांनी दिसू द्या. स्टँडर्ड एररचं (नमुन्यागणिक उत्तर साधारण किती हलतं याच्या मापाचं) सूत्र त्यानंतर. फळ्याचा फोटो काढून ठेवा, तो सत्रभर लागतो. द्विपद वितरणाचा तक्ता त्याच फोटोशेजारी ठेवायचा, नॉर्मल वितरणाचा घंटेसारखा वक्र त्याच टिंबांवर काढायचा. विश्वास-मर्यादेच्या वेळी प्रत्येक गटाने आपापल्या ८० फेकींवरून, खरं उत्तर ज्यात असावं असं, अंतर काढायचं, आणि वर्गाच्या एकूण १२०० फेकींचं उत्तर किती गटांच्या अंतरात बसतं ते मोजायचं. ९५ टक्के हा आकडा एखाद्या गटाच्या अंतराबद्दलचा नसून अंतर काढण्याच्या पद्धतीबद्दलचा आहे, हे तेव्हाच पटतं.

गृहीतकांची चाचणीही त्यावरच घ्या. प्रश्न असा की चिंचोका नाण्यासारखा समसमान आहे का? २० पैकी ८ पांढरे आले, म्हणजे ०.४०. पण समसमान नाण्यालाही २० पैकी ८ किंवा त्याहून कमी छापे पडण्याची शक्यता २५ टक्के आहे, तेव्हा यावरून काहीच म्हणता येत नाही. ८० पैकी ३२ आले, तरी प्रमाण ०.४० च. समसमान असतं तर इतके किंवा कमी येण्याची शक्यता आता साधारण ५ टक्क्यांवर आली, शंका घ्यायला जागा झाली. १२०० पैकी ४८० आले, तर ती शक्यता शून्याच्या इतकी जवळ जाते की समसमान म्हणणं सोडून द्यावं लागतं. एकच प्रमाण आणि तीन वेगळे निष्कर्ष. पी-व्हॅल्यू म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता, ही समजूत मोठमोठ्या लोकांतही असते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये त्याबद्दल स्वतंत्र निवेदन काढावं लागलं. तुमच्या मुलांना मात्र ‘कशापैकी’ विचारायची सवय लागलेली असेल. गृहीतक खरं मानलं तर असे किंवा याहून टोकाचे आकडे येण्याची शक्यता, म्हणजे पी-व्हॅल्यू, हे एक. आणि आकडे असे आले असताना गृहीतक खरं असण्याची शक्यता, हे दुसरं. वसतिगृहाच्या प्रश्नात जी अदलाबदल होती तीच इथे आहे. या सगळ्याला सात-आठ तास द्या, आणि ते नवरात्रीच्या आधी सुरू होतील असं बघा.

लॅबच्या तासाला अवघड सॉफ्टवेअर नको. स्प्रेडशीट पुरे, सगळ्यांना मशीन मिळत नसेल तर मोबाईलवरही चालते. त्यात यादृच्छिक संख्यांनी चिंचोक्याची फेक हजार वेळा करून दाखवा, पण हाताने केल्यानंतरच. आधी स्क्रीनवर दाखवलं तर मुलांना ते चित्र वाटतं, मोजणी वाटत नाही. मेजरचा वर्ग असेल तर आर (R) हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकवा, ते फुकट आहे आणि पुढे लागतंच.

परीक्षेबद्दल. विद्यापीठाच्या पेपरात सारणी देऊन उत्तर काढा अशीच गणितं येणार असतील तर त्यांचा सराव द्यायलाच हवा, त्यात मुलांचं नुकसान करून चालणार नाही. पण अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत. प्रत्येक गणिताखाली एक ओळ मागा: या उत्तराचा अर्थ ग्रामपंचायतीच्या सरपंचाला एका वाक्यात सांगा. निम्मे गुण त्या ओळीला ठेवा. सुरुवातीला मुलं ‘म्हणून प्रमाण विचलन ४.२ आहे’ एवढंच लिहितात. तशा ओळीला गुण देऊ नका, दोन चाचण्यांत फरक पडतो.

प्रकल्प दिलात तर लहान द्या आणि प्रश्न मुलांनाच ठरवू द्या. एसटी किती मिनिटं उशिरा येते, कॅन्टीनमध्ये वडापावचं वजन किती भरतं, गावातल्या विहिरीची पातळी दर आठवड्याला किती उतरते. गटाकडून अहवालापेक्षा कच्च्या नोंदींची वही आधी मागून घ्या. खोडाखोड नसलेली, सगळ्या नोंदी एकाच शाईत लिहिलेली वही दिसली तर शांतपणे बसून विचारा की कधी, कुठे उभं राहून मोजलं. तोंडी परीक्षेला मी दोनच प्रश्न विचारते. तुमच्या नमुन्यात कोण येऊच शकलं नसतं? आणि हेच मोजमाप पुन्हा केलंत तर उत्तर किती हलेल असं वाटतं? या दोन्हींची धड उत्तरं देणाऱ्या गटाच्या अहवालात बेरीज चुकली असली तरी मी पूर्ण गुण देते.

तुमच्या विद्यापीठाचा युनिटवार अभ्यासक्रम आणि अंतर्गत-बाह्य गुणांची विभागणी कळवलीत तर २६ तासिकांत हे कसं बसवायचं ते आठवड्यानुसार मांडून देईन.